साहेबांचं घर आणि दहावी फेरी

पैज लागली ती एका लाकडी खोक्यावरून.

आमच्या इमारतीच्या फाटकाला लागून माझं शिवणकामाचं दुकान आहे. मशीन मी मुद्दाम फाटकाकडे तोंड करून ठेवलंय. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात काय, चेहऱ्यावर काय, सगळं बसल्या जागी कळतं. मला सगळे टाचणी म्हणतात. मी टोचते म्हणून. टाचणी जोडतेसुद्धा, पण ते कोणी बोलत नाही.

त्या सकाळी माझ्या कापायच्या टेबलाचा पाय डुगडुगत होता म्हणून मी सुताराला बोलावलं होतं. तो टेबलाखालून बाहेर येतोय, कानामागे पेन्सिल, केसांत भुसा... आणि दारात दुसऱ्या मजल्यावरची चष्मेवाली. दोन्ही हातांत एक कासव, भरलेलं ताट धरावं तसं.

ही चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. स्वतःचा चष्मा मात्र सारखा नाकावर घसरलेला.

"मावशी, एखादा चांगला सुतार माहितीय का तुम्हाला?"

"माहितीय. तुझ्या पायाशी बसलाय."

तो उठून उभा राहिला. टेबलाला डोकं आपटलं. तिने कासव छातीशी धरलं आणि हसली. पहिली भेट ही अशी. टेंगूळ आलं, ते आठवडाभर होतं.

कासव तिच्या आत्याचं. आत्या वृद्धाश्रमात राहायला गेली, तिथे प्राणी चालत नाहीत, म्हणून हे भाचीकडे आलं. वय सेहेचाळीस, म्हणजे भाचीपेक्षा सतरा वर्षांनी मोठं. नाव साहेब. दहा दिवस फळांच्या खोक्यात, पलंगाखाली, आणि थंडी तोंडावर आलेली. साहेबांनी अन्नाला तोंड लावलेलं नाही. आत्या रोज संध्याकाळी फोन करायची, "जेवला का गं?" आणि ही सांगायची, "हो आत्या, दोन पानं." तिची खिडकी माझ्या दारावरच आहे, मला रोज ऐकू यायचं. आत्याने बजावलं होतं, महिनाअखेरच्या रविवारी येईन, स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. तुला जमत नसेल तर त्याला प्राणीघरात ठेवू.

"यांना एक घर हवंय," ती सुताराला म्हणाली. "घरातल्या घरात. ऊबदार."

सुताराने टेप काढली. साहेबांनी डोकं आत घेतलं.

"डोकं बाहेर आल्याशिवाय उंची मिळणार नाही," तो म्हणाला.

"ते कधी काढतील, सांगता येत नाही."

"मला घाई नाही."

आता सुतारांच्या तोंडून मी आयुष्यात पुष्कळ काही ऐकलंय. उद्या येतो, लाकूड आलं नाही, बायको आजारी आहे. 'मला घाई नाही' पहिल्यांदा ऐकलं. दोघं वर गेले. मी घड्याळ बघितलं. एका कासवाचं माप घ्यायला सव्वा तास.

समोरच्या बाकावर पोस्टमास्तर पेपर वाचत होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण शिक्का अजून हातात असल्यासारखे बोलतात.

"दोन फेऱ्यांत काम होईल," मास्तर म्हणाले. "एक मापाची, एक बसवायची. बाजारात त्या पोराला मिलिमीटर म्हणतात. त्याच्या कामाला दुरुस्ती नसते."

"दहा फेऱ्या," मी म्हणाले.

"एका खोक्याला?"

"आत्या यायच्या रविवारपर्यंत दहा. लावता?"

मास्तरांनी पेपराची घडी घातली. म्हणजे लावली. जो हरेल त्याने साहेबांवर छत्री धरून फाटकापासून अंगणातल्या नळापर्यंत चालायचं, साहेबांच्या चालीने, अख्ख्या इमारतीसमोर.

"पण फेरी म्हणजे कामाची फेरी," मास्तरांनी बोट वर केलं. "गप्पा मारायला आला तर धरायची नाही."

"नका धरू," मी म्हणाले. माझं लक्ष जिन्याकडे होतं. तो उतरत होता आणि पेन्सिल कानामागे न ठेवता तोंडात धरली होती.

निळ्या खडूने मी टेबलाखाली पहिली रेघ मारली.

दुसऱ्या फेरीला खोकं आलं. खोकं कसलं, बंगला. पाच फूट लांब, अडीच रुंद. एका टोकाला खास दिवा आणि त्याखाली चपटा दगड, साहेबांना शेकत बसायला. दुसरं टोक गार, तिथे आडवी टाकलेली अर्धी कुंडी, लपायला. तळाला चार बोटं माती. पाण्याची उथळ ताटली. दिवा खाली-वर करायला खांबाला भोकं आणि एक लाकडी खुंटी. आणि पुढची सगळी बाजू काचेची, कारण चष्मेवालीने तसं सांगितलं होतं. काचेतलं माणूस ना ती.

"झालं," मास्तर बाकावरून म्हणाले. "दोन."

दोन दिवसांनी ती खाली आली, डोळ्यांखाली काळं. साहेब दिवसभर काचेला डोकं लावून उभे. पायाने खरवडतायत, थांबतायत, परत खरवडतायत. खाणं नाहीच.

मी मिलिमीटरला निरोप धाडला आणि तो वर गेल्यावर पाच मिनिटांनी तिचे पडदे घेऊन मीही गेले. पडदे अर्धेच शिवलेले होते. कोण बघतंय.

"यांना बाहेर यायचंय," ती म्हणत होती. "यांना इथे आवडतच नाहीये."

तो सरळ फरशीवर पालथा पडला, हनुवटी जमिनीला टेकून.

"इथून बघा."

ती चष्मा सावरून त्याच्या शेजारी पालथी झाली.

"काय दिसतं?"

"काहीच नाही... म्हणजे, काच दिसतच नाहीये."

"त्यांनाही नाही. त्यांना वाटतं, पुढे रस्ता आहे."

"मी रोज पुसते ना," ती हळू आवाजात म्हणाली. "चष्म्याच्या फडक्याने."

"आणि मी अशी बसवली की कडसुद्धा दिसू नये."

"म्हणजे दोघांनी मिळून वेडं केलं त्यांना."

"दोघांनी मिळून," तो म्हणाला. एखादं माप दोनदा घ्यावं तसं.

दोघांची कोपरं एकमेकांना टेकलेली. आतून साहेब एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघतायत.

"तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"लाकूड बरं, म्हणालो होतो."

"एकदाच म्हणालात."

"दुसऱ्यांदा म्हणणार होतो. तेवढ्यात तुम्ही हसलात... मग राहिलं."

मी पडदे घेऊन तशीच मागच्या पावली खाली आले. तिसरी रेघ जरा ठसठशीत मारली.

चौथ्या फेरीला काचेच्या खालच्या भागाला आतून वीतभर उंचीची फळी बसली. साहेबांच्या डोळ्यांना भिंत दिसली आणि त्यांनी त्याच दिवशी खरवडणं सोडलं. मातीत फिरायला लागले, पानाचा वास घ्यायला लागले. खात मात्र नव्हते.

काम तसं इथेच संपलं होतं. पण त्या दिवशी मिलिमीटरची लेव्हलची पट्टी माझ्या पडद्यांच्या गठ्ठ्यात कशी गेली कोण जाणे. ती न्यायला तो दुसऱ्या दिवशी आला आणि आलाच आहे तर दिव्याचा खांब तपासून गेला. पाच. मग कुंडीची कड साहेबांना लागेल म्हणून घासून दिली. सहा. मग म्हणे माती फार कोरडी आहे, गोणीभर चांगली घेऊन आला. सात. ही माझी करामत नव्हती हां, ही त्याची.

आठव्या फेरीला ती जिन्यातच भेटली त्याला.

"आज काय राहिलंय?"

"एक कोपरा."

"खोक्याला चारच कोपरे असतात."

"म्हणून जपून वापरतोय."

ती खाली बघून हसली आणि चष्मा नाकावरून घसरला. त्याने हात पुढे केला, तो सावरायला... आणि मधेच थांबवून आपली पेन्सिल नीट केली. माझ्या हातून शिलाई वाकडी गेली. मास्तरांनी पेपर उलटा धरला होता.

पण चौथा कोपराही संपला. जाताना तो म्हणाला, "झालं सगळं." ती म्हणाली, "हो... झालं." दोघांचे चेहरे दुकान बंद केल्यासारखे. रविवारला चार दिवस उरलेले, मला दोन फेऱ्या कमी, आणि हे दोघं एकमेकांचे आभार मानतायत. अशा वेळी माझ्यासारखीने गप्प बसायचं?

तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. ती कामावर गेली की दुपारी मी वर जाऊन मातीवर पाणी शिंपडायचे. गुरुवारी गेले, पाणी शिंपडलं आणि दिव्याची खुंटी तिसऱ्या भोकातून काढून सहाव्यात घातली. दिवा वीतभर वर गेला. संध्याकाळी तिला दिसेल, ती त्याला बोलावेल, तो येऊन दोन मिनिटांत खाली करेल. एवढाच हिशेब.

ती नेमकी त्या दिवशी दमून आली आणि न बघता झोपली. सकाळी साहेब कुंडीखाली, अंग गार, डोकं आत. हाक मारली तरी हलेनात. तो धावत आला आणि मग जिन्यात जे झालं ते सगळ्या इमारतीने ऐकलं.

"माप चुकलंय तुमचं."

मिलिमीटरला हे म्हणणं म्हणजे मास्तरांना 'तुम्ही लोकांची पत्रं फोडायचात' म्हणण्यासारखं.

"खुंटी तिसऱ्या भोकात होती," तो म्हणाला. "मी लावलेली."

"मग काय साहेबांनी उठून बदलली?"

"मी बदललेली नाही."

"म्हणजे मी बदलली?"

तो आत गेला, खुंटी जागेवर लावली आणि बाहेर आला. "आता बरोबर आहे. पुन्हा बोलवायची गरज पडणार नाही."

माझ्या दुकानावरून गेला तेव्हा पेन्सिल कानामागे नव्हती. मुठीत होती. मी नववी रेघ मारली. अर्धवटच उमटली.

"परवा रविवार, टाचणीबाई," मास्तर म्हणाले. "छत्री लाल चालेल ना?"

शनिवारी सकाळी ती खाली आली. चष्मा काढलेला, डोळे सुजलेले. साहेब दिव्याखाली येऊन बसायला लागले होते, पण पान जसंच्या तसं.

"मावशी, एक मोठी पिशवी शिवून द्याल? हवा खेळेल अशी."

"कशाला गं?"

"उद्या साहेबांना प्राणीघरात न्यायला. सेहेचाळीस वर्षं आत्याने सांभाळलं, माझ्याकडे महिना नाही टिकले. आता तिला आणखी खोटं नाही सांगवत."

मी कापड पसरलं. कात्री उचलली. कात्री चालेना. आयुष्यात मी नवरदेवाच्या कोटाची बाही उलटी लावलीय आणि हसत बसलेय, पण ती पिशवी मला कापता येईना.

"खुंटी मी बदलली," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पैज, रेघा, लेव्हलची पट्टी, सगळं.

"मावशी, तुमच्या वयाला शोभतं का हे?"

"माझ्याच वयाला सुचतं. तुमच्या वयाला सरळ बोलता येतं, ते तुम्ही बोलत नाही. बस चिडत माझ्यावर, पण आधी त्याला फोन कर. लगेच येईल."

आता खरं सांगते, म्हणताना मनात आलंच माझ्या, हा आला की दहा. खोड जात नाही.

"फोन नाही," ती म्हणाली. "सगळ्या जिन्यासमोर बोलले मी त्याला. मी जाते."

आणि निघाली. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच. मी दुकानाला कडी घालून मागे. गुन्हेगार हजर नको?

त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून, सायकलवाल्याच्या मागे. तो रंधा मारत होता. तिला बघून हात थांबला नाही, फक्त हळू झाला.

"माप चुकलं नव्हतं तुमचं," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"माहितीय."

"कसं?"

"खुंटीवर खडू लागला होता. निळा." त्याने माझ्या बोटांकडे बघितलं. मी हात मागे घेतले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मावशींचं नाव घेतलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असती. दुपारी साहेबांच्या मातीला पाणी कोण घालणार?"

"मग माझ्यावर का चिडलात?"

रंधा थांबला.

"तुम्हाला वाटलं, मी तुमच्या घरात चुकीचं माप लावीन. दुसरीकडे कुठे चुकलं असतं... तुमच्या घरात नाही."

त्याच्या पुढ्यातल्या फळीवरून तिने बोट फिरवलं. फळी चार बोटं उंच, लांबलचक, कडा गोल केलेल्या.

"हे काय आहे?"

"बैठक. पालथं पडून साहेबांना बघायला. फरशी गार असते."

"लांबी?"

"तुम्हाला पुरेल."

"आणि रुंदी?"

त्याने रंध्यावरचा भुसा फुंकला. "दोन माणसं."

"दोघांच्या मध्ये जागा किती?"

"मध्ये जागा नाही ठेवली."

मी वळून भिंतीवरच्या करवती मोजायला लागले. अकरा होत्या. दोनदा मोजल्या.

"उद्या घेऊन या," ती मागे म्हणत होती. आवाज बदलला होता. "दहा वाजता. आत्या असेल."

"आत्यांसमोर?"

"माप काय, माणसं बघून बदलतं?"

तो हसला. इतक्या दिवसांत मी त्याचे दात पहिल्यांदा पाहिले.

परत येताना मी हवेत. उद्या दहा वाजता दहावी फेरी. पाप कबूल केलं आणि पैजही जिंकली, असं किती जणांना जमतं?

रविवारी आत्या माझ्याच दुकानात खुर्चीवर बसून दम खात होती. मुलं, बायका, पेपरवाला, सगळे अंगणात. मास्तर लाल छत्री काखेत मारून. बरोबर दहाला फाटक वाजलं. मिलिमीटर, खांद्यावर बैठक, कानामागे पेन्सिल.

"दहा," मी म्हणाले.

"थांबा." मास्तर आडवे आले. "फेरी कसली? कामाची?"

"म्हणजे काय. खांद्यावर दिसत नाही का?"

"त्याला बोलू दे."

मिलिमीटरने बैठक खाली ठेवली. एकदा माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल त्याने खुणावलं. म्हण रे बाळा, कामाला आलोय म्हण.

"कामाची नाही," तो म्हणाला. "काम शुक्रवारीच संपलं."

"अरे, साहेबांच्या घराचंच ना हे?"

"नाही मावशी."

"मग आलास कशाला?" माझ्याच तोंडून गेलं. माझ्याच.

त्याने वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला ती उभी होती.

"हिला भेटायला," तो म्हणाला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, स्वच्छ. "यापुढेही त्यासाठीच येणार. चालत असेल तर."

आत्या खुर्चीत ताठ झाली. "हा कोण गं?"

"साहेबांचं घर याने बांधलं, आत्या," ती वरून म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "चालतंय. वर ये आता, किती वेळ फाटकात उभा राहशील."

'ये' म्हणाली. 'या' नाही. मी हरले होते आणि मला इतकं बरं का वाटतंय ते कळत नव्हतं.

वर आत्यासाठी खुर्ची मांडली. बैठक खोक्यापुढे टाकली आणि दोघं कोपरांवर टेकून पालथे झाले. खरंच मध्ये जागा नव्हती. साहेब दगडावर दिव्याखाली मान लांब करून शेकत होते. बराच वेळ काही नाही. मग एक पाय. दुसरा. मातीवरून, फळीच्या कडेकडेने, साहेब पानाशी आले. वास घेतला. थांबले. आणि कर्रकन आवाज झाला.

दुसरा घास. तिसरा.

"आत्या," ती वळूनही न बघता म्हणाली, "मी रोज खोटं बोलत होते. आजपर्यंत काहीच खाल्लं नव्हतं त्यांनी."

"माहीत होतं," आत्या म्हणाली. "रोज म्हणे दोन पानं. तो दोन पानांवर थांबलाय कधी?" मग डोळे पुसले, नाक ओढलं. "राहू दे इथेच. आणि हे दोघं कायम असेच जमिनीवर असतात का?"

"सवय करतायत," मी म्हणाले.

खाली मास्तर वाट बघत होते. ऊन चांगलं चढलं होतं. साहेबांना फाटकाशी ठेवलं, छत्री माझ्या हातात आली आणि वरच्या गॅलऱ्या भरल्या. पेपरवाल्याने शिट्टी मारली. मिलिमीटरने तेवढ्यात टेप धरली. फाटक ते नळ, बावीस फूट चार इंच.

"वाका जरा, टाचणीबाई," मास्तर म्हणाले. "सावली साहेबांवर पडली पाहिजे, तुमच्यावर नाही."

कंबर मोडून मी एक पाऊल टाकलं आणि थांबले. साहेबांना वाटेतला एक दगडी चिरा आवडला होता. लोक हसत होते. धाकट्या पोरी "साहेब आले, बाजूला व्हा" ओरडत होत्या. पाच मिनिटांत आम्ही तीन फूट गेलो.

आता, माझ्या खिशात एक कोवळं पान होतं. सकाळीच तोडून ठेवलेलं, हरायची वेळ आलीच तर साहेबांच्या नाकापुढे धरायला. भराभर चालले असते, नळापर्यंत कधी पोचलो कळलंही नसतं. मी खिशात हात घातला आणि मागे बघितलं.

ते दोघं आमच्या मागून येत होते. साहेबांच्याच चालीने. तिचा चष्मा नाकावर घसरला होता, आणि या वेळी त्याने हात मधेच थांबवला नाही. दुसऱ्या हातात तिचा हात होता. कोणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

पान मी खिशातच राहू दिलं.